श्रवणकौशल्य : दहा गुण

माहितीपुस्तिकेत, पान चौदावर, सगळं सरळ आहे :
प्रथम वर्ष, इंग्रजी अनिवार्य, आठवड्याला चार तास,
व्याकरण, निबंध, पत्रलेखन, न वाचलेला उतारा,
आणि तळाशी, शाई संपत आलेल्या ओळीत,
तुकडी ड, कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी,
खोली एकोणीस, शिक्षिका सौ. टेंभे.

ती मी.
लष्करात वाढले; घरात मराठी, दाराबाहेर हिंदी,
इंग्रजी पगारापुरती.
हातांची भाषा पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले,
अजून बोबडीच बोलते.
नगमा हसते, माझा चुकलेला अंगठा धरून
जागेवर बसवते,
सुटलेली गुंडी लावून द्यावी तशी.

खोली उत्तरेची. डिसेंबरात
धुकं आधी किल्ला गिळतं, मग सायकल स्टँड, मग खिडकीचे गज.
लाईट गेली की शेजारी, अ तुकडीत,
राजावत सर अंधारातच शिकवत राहतात,
त्यांचा भूतकाळ भिंतीतून मला ऐकू येतो.
माझा तास वाक्याच्या मध्यावर तुटतो.
आम्ही बाकं ओढत खिडकीशी जातो,
उजेड जेवढा, तेवढं इंग्रजी.

कुलदीपने एकदा फळ्यावरच्या
तीन अक्षरी 'द'भोवती खडूने गोल काढला.
याची खूण कोणती?
याला हातात धरायचं कसं?
पुष्कळ शोधलं. नाही रे, म्हटलं,
माझ्या मराठीतही नाही,
तुझ्या आईच्या बुंदेलीतही नसणार,
याच्यावाचून आपण जेवलो, वाढलो, कडकडून भांडलो.
त्याने पुढच्या निबंधात
जागोजाग 'द' टाकले,
आमटीत मीठ टाकतात तसे, अंदाजाने,
आणि कबूल करायला हवं,
बरेचसे बरोबर पडले.

जानेवारीत भदौरिया बाबूंनी तक्ता परत पाठवला.
मॅडम, श्रवणकौशल्याचा रकाना रिकामा आहे.
बाबूजी, तुकडी ड आहे.
तुकडी असू दे कुठलीही, रकाना तर आहे.
विद्यापीठाचं यंत्र रिकामं घेत नाही,
एक तर शून्य भरा, नाहीतर परीक्षा घ्या.

घेतली.
टेबलावर काळा स्पीकर, आतली बाई
कुठल्याशा परक्या स्टेशनावरून
गाड्यांच्या वेळा सांगत होती, सावकाश, दोनदा.
अकराही जणांनी टेबलावर तळवे टेकले.
प्रश्न पहिला : गाडी किती वाजता सुटते?
नगमाने लिहिलं, पेटीला थंडी वाजते आहे.
कुलदीपने लिहिलं, मध्ये थांबली,
मग पुन्हा तेच बोलली. भांडण आहे का?
ऋचा फाळकेने कागद कोराच ठेवला,
स्पीकरकडे पाहिलंही नाही,
माझ्याकडे बघून हातांनी विचारलं,
तुम्ही का रडवेल्या झालात?

मला त्या स्टेशनाचं नावसुद्धा आता आठवत नाही.

त्याच संध्याकाळी अ तुकडीचे पेपर घरी आणले होते,
राजावत सरांच्या मुलीचं लग्न, म्हणून माझ्याकडे.
चहा दोनदा निवला.
साठांतल्या एकोणचाळीस जणांनी
'लिसन' लिहिताना मधला टी गाळला.
त्यांचं तरी काय चुकलं,
तो ऐकूच येत नाही कुणाला.
मग ड तुकडीच्या वह्या काढून पाहिल्या, मुद्दाम.
टी होता. अकराच्या अकरा वह्यांत,
आडवी रेघ नीट मारलेला.

आज शेवटची तारीख.
रकान्यात मी काय भरलं ते इथे सांगत नाही,
सही माझी आहे, विचारतील तेव्हा बोलेन.
भदौरिया बाबू टेबलापाशी उभे राहून
तक्त्यावर बोट ठेवून काहीतरी म्हणताहेत,
आणि मी, सवयीने, त्यांच्या ओठांकडे बघते आहे.
काही कळत नाही.
बाबूजी, म्हणते,
मफलर जरा खाली घ्या, आणि पुन्हा सांगा.